इंदूरच्या गिरण्या आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या

इंदूर नगरीच्या कलावैभवाचा विषय निघाला की देवळालीकरांची चित्रशाळा, तिथे घडलेले बेंद्रे व हुसेन आणि उस्ताद अमीर खाँ यांची ख्यालगायकी यांचे स्मरण साहजिकच होते. परंतु याच नगरीत आणखी एक कलापरंपरा नांदत आली आहे. तिच्या कर्त्यांची नावे कोणत्याही कलाकोशात सापडणार नाहीत. ती परंपरा म्हणजे गिरणी कामगारांनी जोपासलेल्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या.

लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला जे सार्वजनिक रूप दिले, त्याचे लोण महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्त्यांतही पोचले. होळकरांच्या राजधानीत त्याला एक निराळेच वळण मिळाले. येथील कापड गिरण्यांत मराठी कामगार होते, तसेच उत्तर प्रदेश व राजस्थानातून आलेले आणि माळव्याच्या खेड्यांतलेही होते. सर सेठ हुकुमचंद यांच्या गिरणीत १९२४ च्या सुमारास विसर्जनाच्या मिरवणुकीत झांकी काढण्याची प्रथा पडली, असे सांगितले जाते. पाठोपाठ मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी आणि भंडारी या गिरण्यांनीही तीच वाट धरली. प्रारंभी बैलगाड्यांवर निघणाऱ्या झांक्या पुढे विजेच्या दिव्यांनी लखलखू लागल्या आणि हलत्या मूर्तींनी सजीव भासू लागल्या.

या कलेचे मर्म तिच्या घडणीत आहे. सुताराने सांगाडा उभारावा, जोडाऱ्याने चाके-दट्टे बसवून मूर्तीचा हात हलता करावा, वीजतंत्र्याने दिव्यांची उघडझाप साधावी आणि रंगाऱ्याने चेहरे रंगवावेत, अशी ही सामुदायिक निर्मिती आहे. पोटासाठी शिकलेले कसब येथे सर्वांच्या आनंदासाठी उपयोगात येते. पुराणकथांच्या शेजारी ताज्या घडामोडींवरील देखावेही उभे राहतात. रात्रभर चालणाऱ्या या मिरवणुकीपुढे आखाड्यांचे मल्ल आपले कौशल्य दाखवितात. राजवाड्याच्या परिसरात सारे शहर तर लोटतेच, शिवाय आसपासच्या खेड्यांतली माणसेही मुलाबाळांसह येतात. त्या रात्री मराठी, हिंदी, माळवी असा भेद कोणाच्या ध्यानीमनीही राहत नाही.

या परंपरेची खरी कसोटी गिरण्यांना टाळे लागले तेव्हा लागली. हुकुमचंद गिरणी १९९१ च्या अखेरीस बंद पडली. इतर गिरण्याही एकामागून एक थंडावल्या. वेतन गेले, भोंगा थांबला आणि ज्या नात्याने माणसे एकत्र येत ते नातेच तुटले. अशा वेळी झांकीही संपली असती तर कोणाला नवल वाटले नसते. परंतु कामगारांच्या गणेशोत्सव समित्यांनी वर्गणी जमविली, नगरपालिका निगम व इंदूर विकास प्राधिकरणाकडून साहाय्य मिळविले आणि बंद गिरणीच्या नावाने झांकी काढणे चालू ठेवले. महामारीमुळे २०२० व २०२१ साली खंड पडला. २०२२ पासून चाके पुन्हा फिरू लागली.

कला भाकरीची जागा घेऊ शकत नाही, हे येथे स्पष्टच सांगितले पाहिजे. हुकुमचंद गिरणीच्या सुमारे ४८०० कामगारांच्या थकीत देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपये २०२३ च्या डिसेंबरात सुपूर्द झाले. तोवर तीन दशके उलटली होती आणि कित्येकांनी डोळे मिटले होते. ते दुःख कोणत्याही दिव्यांच्या रोषणाईने झाकले जाणार नाही. तथापि बेकारी माणसाची केवळ मिळकतच नव्हे, तर त्याची ओळख व त्याचा समाजही हिरावून घेते. वर्षातून एकदा का होईना, “आपल्या हातांची या शहराला गरज आहे” हा प्रत्यय झांकीने त्यांना दिला. समाजाचे स्वास्थ्य केवळ रुग्णालये व रस्ते यांवर मोजता येत नाही. एकमेकांसाठी काही निर्माण करण्याची संधी किती जणांना मिळते, हेही त्याचे एक माप आहे.

म्हणूनच झांक्यांकडे एका रात्रीची करमणूक म्हणून पाहणे पुरेसे नाही. केवळ अनुदानावर आणि कंत्राटावर उभा राहिलेला देखावा कितीही भव्य असला, तरी त्यात समाजाचा हात नसेल तर तो प्रदर्शनच ठरेल. जुन्या कारागिरांचे कसब तरुणांच्या हाती जावे, शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी मांडवात बसून खिळा ठोकावा, रंग कालवावा. त्या कारागिरांच्या आठवणी, आराखडे व छायाचित्रे जतन करणे हे तर ग्रंथालयांचेच कार्य होय. वर्गणीदारांच्या आस्थेवर शतकभर उभी राहिलेली आपली ही संस्था आणि वर्गणीवर उभी राहणारी ती झांकी यांचे गोत्र एकच आहे. शताब्दीच्या या मंगल प्रसंगी आपल्या कपाटांतील एक खण गिरणी कामगारांच्या या कलेसाठी राखून ठेवला जावा, अशी नम्र सूचना सभासद व आश्रयदाते यांच्यापुढे ठेवतो.