नियोजित ‘बंद’पूर्वी आभासी सर्व्हरची तयारी

कोहमारा (जि. गोंदिया) : मुंबई-कोलकाता महामार्गावरील या चौकात पीककर्जासाठी सातबारा काढायला आलेल्या शेतकऱ्यासही ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द आता परिचित आहेत. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. तेव्हापासून असा उतारा मिळणे दूरवरच्या यंत्राच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. अचानक होणारा बिघाड टाळता येतोच असे नाही. पूर्वसूचना देऊन होणाऱ्या देखभालीची तयारी मात्र करता येते.

देखभाल कशासाठी?
एका मोठ्या संगणकाचे ‘हायपरव्हायजर’ प्रणालीद्वारे अनेक स्वतंत्र भाग केले जातात. त्यांनाच आभासी सर्व्हर म्हणतात. मूळ यंत्राची दुरुस्ती निघाली की त्यावरील सर्वच भाग थांबू शकतात. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘झेन’ या हायपरव्हायजरमधील सुरक्षा त्रुटीमुळे ॲमेझॉनला आपल्या ईसी-२ सेवेतील दहा टक्क्यांपर्यंतचे सर्व्हर रिस्टार्ट करावे लागले. त्रुटीचा तपशील १ ऑक्टोबरला, म्हणजे दुरुस्तीनंतरच जाहीर झाला.

वेळ तपासा
सूचनेतील वेळ बहुधा ‘यूटीसी’ प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्कमधील हिवाळ्यातील पहाटेचे दोन म्हणजे भारतात दुपारचे साडेबारा, म्हणजे ऐन कामकाजाची वेळ.

आधी काय करावे?
* बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवावा आणि तो परत उतरवून पाहावा. त्याच यंत्रणेवरील ‘स्नॅपशॉट’ हा बॅकअपला पर्याय नव्हे.
* यंत्र केवळ रिस्टार्ट होणार की पूर्ण बंद होऊन सुरू होणार, हे विचारावे. पूर्ण बंद झाल्यास तात्पुरत्या डिस्कवरील माहिती पुसली जाऊ शकते, आयपी पत्ताही बदलू शकतो.
* पत्ता बदलणार असल्यास डीएनएसमधील ‘टीटीएल’ एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांपर्यंत खाली आणावा.
* डेटाबेस, वेब सर्व्हर व जोडलेल्या डिस्क आपोआप सुरू होतात का, हे आपल्या सोयीच्या वेळी रिस्टार्ट करून तपासावे.

प्रत्यक्ष वेळी
रात्रीची स्वयंचलित कामे थांबवावीत. डेटाबेस रीतसर बंद करावा. अर्धवट राहिलेल्या नोंदी पुढे तापदायक ठरतात. यंत्र बंद असताना संकेतस्थळावर सूचना दिसावी, यासाठी ती दुसऱ्या सर्व्हरवर ठेवावी. तिच्यासोबत ‘५०३’ हा संकेत दिल्यास शोधयंत्रांना अडथळा तात्पुरता असल्याचे कळते.

त्यानंतर
यंत्र सुरू झाले म्हणजे सेवा सुरू झाली असे नव्हे. घड्याळ, डिस्क, लॉग आणि थांबवलेली कामे तपासावीत. एक अर्ज प्रत्यक्ष भरून पाहावा. बंदची वेळ सेवा केंद्रांना आदल्या दिवशीच कळवावी. गावाहून बस पकडून आलेल्या माणसाचा दिवस त्यामुळे वाचतो.