शुक्रवारची ती घडी



आपल्या गटाच्या वहीत ‘जमा’ हा शब्द पानोपानी असतो. तो अरबीतून आला. जमाखर्चातला जमा, जमात, आणि मुसलमान घरांत शुक्रवारला म्हणतात तो ‘जुम्मा’, हे एकाच कुळातले शब्द. जुम्मा म्हणजे जमण्याचा दिवस. या दिवसातली एक छोटी वेळ एकट्यानं मागणं मागायची आहे. नेमकी तीच आमच्या गटातल्या पुष्कळ जणींच्या हातून निसटते, म्हणून आज तिचा इतिहास सांगायचा आहे.

पैगंबर हजरत मुहंमद ६२२ साली मक्का सोडून मदिनेला आले. वाटेत कुबा गावी थांबले, आणि तिथून निघाल्यावर शुक्रवारी बनू सालिम या कुळाच्या वस्तीत त्यांनी जुम्म्याची नमाज पढवली. कुरआनात या दिवसावर एक सूरा आहे. हाक आली की व्यवहार थांबवा, नमाज झाली की पुन्हा पोटापाण्याला लागा, असं तिच्यात सांगितलंय. म्हणजे मुळात ही दिवसभराची सुट्टी नव्हे, कामातून काढलेली सवड आहे.

नमाज ठरलेल्या शब्दांत, अरबीत होते. तिच्याशिवाय जी दुआ मागायची ती आपल्या शब्दांत, आपल्या भाषेत मागता येते. पोराची परीक्षा, सासूचं दुखणं, डोक्यावरचं कर्ज, काहीही. पाळीच्या दिवसांत बाई नमाज पढत नाही, पण दुआ मागायला त्या दिवसांतही मनाई नाही. हे कितीतरी जणींना कुणी सांगितलेलंच नसतं.

शुक्रवारी एक घडी अशी असते की तेव्हाचं मागणं ऐकलं जातं, असं पैगंबरांनी सांगितल्याची नोंद हदीसमध्ये आहे. ती घडी अगदी थोडी असते, हे त्यांनी हाताच्या खुणेनं दाखवलं. पण कोणती? इजिप्तमधले विद्वान इब्न हजर (मृत्यू १४४९) यांनी याबद्दलची चाळीसहून जास्त मतं नोंदवून ठेवलीत! त्यांतली दोन जास्त चालतात. एक म्हणजे इमाम प्रवचनाला बसल्यापासून नमाज संपेपर्यंत. दुसरं म्हणजे असरच्या नमाजेनंतर, सूर्य मावळण्याआधीचा शेवटचा तास. पहिली वेळ मशिदीतली, दुसरी घरातही मिळणारी. आमच्याकडच्या बायका दुसरी धरतात.

त्या काळातल्या बायकांचा शुक्रवार कसा होता? उम्म हिशाम नावाच्या बाईंनी सांगून ठेवलंय की ‘काफ’ ही सूरा त्या पैगंबरांच्या तोंडून ऐकून शिकल्या, कारण ते दर शुक्रवारी प्रवचनात ती म्हणत. पैगंबरांचं घर आणि आपलं घर यांची भाकरी भाजायची भट्टी वर्ष-दोन वर्षं एकच होती, हेही त्या सांगतात. म्हणजे भट्टीही सांभाळली आणि प्रवचनही ऐकलं.

दुसरी गोष्ट आम्हाला फार आवडते. मदिनेत एक म्हातारी पाटाच्या कडेला बीटच्या जातीची पालेभाजी लावायची. शुक्रवारी तिची मुळं उपटून हंडीत घालायची, वर मूठभर जवाचं पीठ. नमाजेहून परतणारे लोक तिच्याकडे जेवायचे, आणि त्या जेवणासाठी शुक्रवारची वाट बघायचे. बुखारींच्या हदीससंग्रहात ही हकीकत आहे. भाजीचं नाव आहे, बाईचं नाही.

जुम्म्याची सामुदायिक नमाज पुरुषांवर बंधनकारक, बायकांवर नाही. ही सवलत होती, कारण पदरात मूल असतं, घर असतं. पण बायकांना मशिदीत जाण्यापासून अडवू नका, असंही पैगंबरांनी सांगितलं होतं. पुढच्या शतकांत काळ बिघडल्याचं कारण देत पुष्कळ शास्त्र्यांनी बायकांचं मशिदीत जाणं नापसंत ठरवलं. सवलतीची बंदी अशी झाली. मुंबईत हाजी अलीच्या मजारीपर्यंत जायला बायकांना केलेली मनाई उच्च न्यायालयानं २६ ऑगस्ट २०१६ ला उठवली. त्यासाठी भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका कोर्टात गेल्या होत्या. मशिदीतल्या प्रवेशासाठी पुण्याचं एक दाम्पत्य २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं.

पण मशीद उघडली तरी वेळेचं काय? आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. सुट्टी मागाला मिळते, चुलीला नाही. पुरुषांचे धुतलेले कपडे, आंघोळीचं पाणी, एखादा चांगला पदार्थ, पाहुणे, हे सगळं त्याच दिवशी. शिंदे-पळशाकडे मजुरीला जाणारी बाई तर संध्याकाळी घरी येते तीच चुलीपुढे बसते. दुआची घडी तिथेच सरते. तिचं मागणं भाकरी थापता थापता होत असेल, आणि ते कमी प्रतीचं आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण दहा मिनिटं दार लोटून बसायला मिळणं हा तिचा जुना हक्क आहे. तेवढ्यात तव्याकडे नवऱ्यानं बघावं, नाहीतर पोरानं.

आमच्या गटांत शुक्रवारी शेवटचा तासभर बैठक ठेवत नाही. नाशिकला हिवाळ्यात ती वेळ साधारण पाच ते सहा, उन्हाळ्यात सहा ते सात. श्रावणी शुक्रवारी जिवती पुजणाऱ्या मैत्रिणींनाही ते सोयीचं पडतं. त्या दिवशीचे हप्ते दुपारी तीनलाच घेतो.