अत्याचार प्रकरणात आपण काय म्हणू शकतो?

गावात अत्याचाराची घटना घडली की तासाभरात व्हॉट्सॲपवर मजकूर फिरू लागतो. त्यात पाहिलेले, ऐकलेले आणि आपल्याला वाटलेले एकत्र मिसळलेले असते. संताप रास्तच असतो. पण पुढे न्यायालय संताप मोजत नाही, पुरावा तपासते. म्हणून कार्यकर्त्यांसाठी ही टिपणे आम्ही देत आहोत.

खैरलांजी काय शिकवते?

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले; सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. मात्र अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली दोष सिद्ध धरला नाही. आधीच्या एका प्रकरणातील साक्षीचा हा सूड आहे, असे मानले गेले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही जातीय हेतू मान्य केला नाही आणि फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास दिला.

आमच्या मते ते जातीय हत्याकांडच होते. दलित कुटुंबाने साक्ष देण्याचे धाडस केले, याचा राग जातीपासून वेगळा काढता येत नाही. हा आमचा नैतिक निवाडा आहे आणि तो आम्ही ठामपणे मांडतो. पण ‘न्यायालयात जातीय हेतू सिद्ध झाला’ असे आम्ही म्हणू शकत नाही. तसे म्हणणे असत्य ठरेल.

कायदा आता काय म्हणतो?

त्या काळी कलम ३(२)(पाच) नुसार, पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे ‘या कारणावरून’ गुन्हा झाला, हे दाखवावे लागे. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. आता आरोपीला पीडिताची जात ठाऊक होती, हे पुरेसे आहे. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात ठाऊक होती असे कलम ८ नुसार न्यायालय गृहीत धरते; तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे असते.

याचा अर्थ, ऐकीव शिवीगाळ निवेदनात घुसडण्याची गरज नाही. दोन्ही घरे किती वर्षे शेजारी आहेत, शेताचा बांध कुठे लागतो, मजुरीला कोण कोणाकडे जाते, हे साधे तपशील नोंदवा.

बुद्धांचा निकष

मज्झिम निकायातील चंकी सुत्तात ‘सच्चानुरक्खणा’, म्हणजे सत्याचे रक्षण, सांगितले आहे. श्रद्धा, आवड, परंपरेने ऐकलेले किंवा तर्काने पटलेले असेल, तर ‘ही माझी श्रद्धा आहे’, ‘हे मी ऐकले आहे’ एवढेच म्हणावे; ‘हेच सत्य, बाकी खोटे’ असा निष्कर्ष काढू नये.

सत्यशोधन अहवालासाठी याहून चांगली शिस्त आम्हाला माहीत नाही. वहीत तीन रकाने करा: प्रत्यक्ष पाहिले, कोणी सांगितले, आमचे मत. साक्षीदाराचे शब्द त्याच्याच बोलीत लिहा. त्याला उत्तर सुचवू नका. कलम १५अ खालील संरक्षणाचा आणि सुनावणीत बाजू मांडण्याचा हक्क कुटुंबाला समजावून सांगा.

आपण वाढवून लिहिलेल्या एका वाक्याची उलटतपासणी आपली होत नाही. ती पीडिताच्या आईची होते. तिची साक्ष आपल्या उत्साहामुळे कमजोर होऊ नये, ही जबाबदारी आपली आहे.