पु. ल. देशपांडे : विनोदी नट आणि पटकथाकार

पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या कार्याचा विचार करताना साहित्य व रंगभूमी यांनाच प्राधान्य दिले जाते. त्यांची चित्रपटीय कारकीर्द उपेक्षित राहते. ‘कुबेर’ (१९४७) पासून ते पडद्यावर दिसू लागले आणि लवकरच लेखन व संगीताकडेही वळले. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) मध्ये कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि भोळ्या नाऱ्याची प्रमुख भूमिका या सर्व बाजू त्यांनीच सांभाळल्या.

या शिखरावरूनच त्यांनी चित्रपटसृष्टीचा निरोप घेतला. तथापि तो त्यांच्यातील लेखक-नटाचा शेवट नव्हता. ‘बटाट्याची चाळ’च्या एकपात्री प्रयोगात लिहिणारा व सादर करणारा पुन्हा एकच झाला. भांडवल, कॅमेरा व सहकलाकार यांवर अवलंबून राहण्याची गरज तेथे उरली नाही.

तब्बल ३९ वर्षांनी, १९९२ मध्ये, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘एक होता विदूषक’साठी त्यांनी पटकथा लिहिली. तमाशातील सोंगाड्या राजकारणाच्या आश्रयाला जातो आणि आपले खरे हसू गमावतो, हा तिचा आशय होय. नाऱ्याच्या निरागसतेपासून विदूषकाच्या शोकांतिकेपर्यंतचा हा प्रवास पाहता, विनोदकाराचे स्वातंत्र्य हेच या कारकिर्दीचे मध्यवर्ती सूत्र ठरते.