बलुत्याबाहेरचा मिस्त्री

मराठीत सुतार मिस्त्री असतो, गवंडी मिस्त्री असतो आणि मोटार दुरुस्त करणाराही मिस्त्रीच असतो. शब्द मूळचा पोर्तुगीज. तिथे त्याचा अर्थ उस्ताद. गोव्यात आणि कोकणात त्याचा मेस्त झाला, घाटावर मिस्त्री. लोहार म्हटलं की भाता दिसतो, कुंभार म्हटलं की चाक. मिस्त्री म्हटल्यावर एवढंच कळतं की याच्या हाताखाली दोन माणसं आहेत आणि अडलेलं काम शेवटी याच्यापुढे येतं. मोटारवाल्याने हा उसना हुद्दा घेतला, कारण त्याच्या धंद्याला वडिलोपार्जित नाव नव्हतंच. हा धंदा उभा केला तो दुसरं काहीतरी करत असलेल्या माणसांनी. म्हणून आज पस्तिशीतला एखादा कारकून किंवा सेल्समन नोकरी सोडून गॅरेजात शिरला की घरच्यांना तो पायरी उतरल्यासारखा वाटतो, ते मला इतिहासाला धरून वाटत नाही. या धंद्यात पहिली माणसं आली ती अशीच, दुसरीकडून.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ सालचा. त्यात कारू-नारूंची, म्हणजे गावाच्या ठरलेल्या सेवेकऱ्यांची, त्यांच्या हक्कांची आणि बलुत्याची तपशीलवार मांडणी आहे. कोणाच्या खळ्यावरून कोणी किती न्यायचं हे ठरलेलं. तोवर मुंबईत टॅक्सी सुरू होऊन चार वर्षं झाली होती. त्याआधी १८७४ पासून शहरात ट्राम घोड्यांनी ओढली, १९०७ मध्ये ती विजेवर गेली आणि पुढे १९२६ मध्ये अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली. पन्नासेक वर्षांत तीन प्रकारची वाहनं रस्त्यावर आली, म्हणजे एका माणसाच्या कामाच्या वयातच नाल ठोकणाऱ्याचं, बग्गी बांधणाऱ्याचं आणि खोगीर शिवणाऱ्याचं गिऱ्हाईक आटलं. नव्या यंत्राला मात्र कोणी बलुतेदार नेमलेला नव्हता. गावात लोहाराचं काम सुताराने केलं तर तंटा व्हायचा. मोटारीचं काम कोणीही केलं तरी कोणाचा हक्क मोडत नव्हता. धंद्याचं दार उघडं राहिलं याचं पहिलं कारण हे.

दार उघडं असून भागत नाही, आत जाऊन करण्यासारखं काही यावं लागतं. इथे त्या काळची मोटार डोळ्यांसमोर आणायला हवी. तिची बॉडी बहुतेकदा लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेली असे. सांगाडा ढिला झाला तर काम सुताराचं. रेडिएटर तांब्या-पितळेचा, डागकामाने जोडलेला. इंजिनातल्या बेअरिंगवर कथलाचा मिश्रधातू ओतलेला असे. तो झिजला की नवा ओतायचा, शाफ्टला निळा रंग चोपडून तो बेअरिंगमध्ये फिरवायचा आणि जिथे रंग लागला तेवढाच उंचवटा धारदार पात्याने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं, सगळीकडे सारखा रंग उमटेपर्यंत. गिरणीतल्या किंवा रेल्वेच्या कारखान्यातल्या फिटरला हे काम नवं नव्हतं. त्याला मोटार शिकावी लागली, पण हात शिकवावा लागला नाही. पत्र्याचंही तेच. पुण्याच्या तांबट आळीत भांड्याला मठार देताना आतून आधार धरतात आणि बाहेरून हातोडीचे एकसारखे ठोके पाडतात. चेपलेलं मडगार्ड सरळ करणारा डेंटर आत लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडी चालवतो. फरक इतकाच की तांबटाला ठोका दिसायला हवा असतो आणि डेंटरला तो लपवायचा असतो.

घोडा जाऊन मोटार येण्याच्या मधल्या काळातला सर्वांत मोलाचा धंदा मला सायकल दुरुस्तीचा वाटतो. चेन, बेअरिंग, हवा भरलेला टायर, ट्यूबचं पंक्चर, पान्यांची मापं: मोटारीतल्या कितीतरी गोष्टी आधी सायकलवर हाताळून झाल्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, रंग ओळखण्यातल्या दोषामुळे यांत्रिक रेखाटनाकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले, ती नोकरी सोडून बेळगावला भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवू लागले आणि तिथून लोखंडी नांगरापर्यंत गेले. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. ते काही मोटार मेकॅनिक नव्हते, पण पांढरपेशा शिक्षक पाना हातात घेऊन सायकलच्या दुकानात बसू शकतो हे त्यांनी प्रतिष्ठेची फिकीर न करता दाखवलं. त्यात एक गंमतही आहे. धंदा बदललेल्या या माणसाच्या लोखंडी नांगराने पुढे लाकडी नांगर घडवणाऱ्या सुतारांवर धंदा बदलायची वेळ आणली.

यावर कोणी म्हणेल की लोहार, सुतार, तांबट गॅरेजात आले तर त्यात बदल कसला? जुन्याच कारागीर जाती नव्या छपराखाली बसल्या. आक्षेप बिनबुडाचा नाही. हत्यार धरण्याची सवय घरातून मिळणं ही मोठी शिदोरी असते. पण हा आक्षेप दुसऱ्या महायुद्धापाशी अडतो. त्या युद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेलं आणि ट्रक-जीपांचा ताफा सांभाळायला माणसं कमी पडू लागली. मे १९४३ मध्ये यंत्रदुरुस्तीचं वेगळं दल उभं करावं लागलं. बैलाच्या वेसणीपलीकडे यंत्र न पाहिलेली शेतकऱ्यांची मुलं इंजिन उतरवायला आणि बांधायला शिकली, तीही घराण्याच्या परंपरेने नव्हे, लष्करी कवायतीच्या पद्धतीने. युद्ध संपलं, ही माणसं सुटली आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी निघाली. गाडी तालुक्याला पोचली की पाठोपाठ तिथे डेपो येतो, डेपोत फिटर लागतो आणि डेपोबाहेर टपरीवजा गॅरेज उभं राहतं. इतकी माणसं बलुतेदारांच्या घरांतून पुरवणं शक्यच नव्हतं.

प्रौढ वयात धंदा बदलणाऱ्याचं खरं फावलं ते मात्र सरकारी धोरणामुळे, आणि ही बाजू सहसा कोणी बोलत नाही. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. मुंबईत १९२८ पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. उरल्या मोजक्या देशी गाड्या. त्यात वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियरची कुर्ल्यात बनणारी फियाट. १९६० च्या दशकात आलेली तिची ११०० डिलाइट पुढे प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी झाली, पण १०८९ सीसीचं इंजिन जवळपास शेवटपर्यंत तसंच राहिलं. ग्राहकाच्या दृष्टीने हा अन्यायच. मेकॅनिकच्या दृष्टीने पाहा: तिशीत शिकलेली विद्या निवृत्तीपर्यंत शिळी होत नव्हती. इग्निशनचे पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरने घासायचे, कॅमचा उंचवटा वर आणून अर्ध्या मिलिमीटरच्या आतली फट ठेवायची, गाडी सुरू. सुटा भाग मिळत नसेल तर लेथवर करून घ्यायचा, नाहीतर चोरबाजार किंवा कुर्ल्याचं भंगार पालथं घालायचं. उशिरा आलेल्या माणसाला ही स्थिरता वरदान होती.

या चित्राला काळी किनार आहे. उस्तादाकडची उमेदवारी म्हणजे वर्षानुवर्षं रॉकेलमध्ये भाग धुणं, चहा आणणं आणि शिव्या खाणं, जवळपास फुकट. संसार असलेल्या माणसाला ते परवडत नसे. म्हणून अंगात आधीचं कसब असलेला प्रौढ किंवा पोटाला महाग झालेलं पोर, असे दोघेच आत टिकत. त्या पोराचं नाव गॅरेजात कोणी विचारत नसे, तो छोटूच. कायद्याने पुढे गॅरेजची गणना बालकांसाठी धोकादायक कामांत केली. १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून वाढलेल्या आयटीआयने आणि १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने शिकण्याला वेळापत्रक, प्रमाणपत्र आणि विद्यावेतन दिलं. उस्तादांच्या हाताची सर कोर्सला नाही, असं म्हणणाऱ्यांनी ती सर कोणाच्या बालपणावर आली याचाही हिशेब करावा.

शेवटचा आक्षेप आजचा: आताच्या गाडीत बाहेरच्या माणसाला जागा नाही, सगळं संगणकावर चालतं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हाही हेच म्हटलं गेलं. प्रदूषणाचे निकष आले, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, २०२० पासून बीएस-६ आलं. प्रत्येक वेळी काही जुने मिस्त्री मागे पडले आणि नवे आले ते पुन्हा दुसरीकडूनच. विजेच्या गाडीत बॅटरी, वायरिंग आणि कंट्रोलर असतो. मल्टिमीटर धरायची सवय असलेला रेडिओ-टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्त करणारा तिच्यापाशी आज तिथेच उभा आहे जिथे शंभर वर्षांपूर्वी सायकलवाला मोटारीपाशी उभा होता. अडचण कसबाची कमी आणि कुलपाची जास्त आहे. सॉफ्टवेअर आणि माहितीपुस्तिका कंपनीने आपल्यापाशी ठेवल्या तर हाताला अक्कल असून उपयोग नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं आणि त्यात मोटारींचाही समावेश केला, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. जुन्या गाडीचं म्हणाल तर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर नाही. तिच्यासाठी घेतलेले पाने अजून गॅरेजांतून आहेत आणि त्यांतले बहुतेक नव्या गाड्यांच्या नटांनाही बसतात.