गोल्फमध्ये नवखे आहात? आयर्न घेताना नंबर नाही, अंश बघा!

गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात, पण बोलताना आपण स्टिकच म्हणतो. नियमाप्रमाणे एका फेरीत जास्तीत जास्त १४ स्टिक जवळ ठेवता येतात. त्यांतल्या नंबर घातलेल्या, चपट्या धातूच्या डोक्याच्या स्टिक म्हणजे आयर्न. नंबर लहान असेल तर चेंडू लांब आणि खालून जातो. नंबर मोठा असेल तर उंच उडून जवळ पडतो.

आयर्नचा सेट ही काही दर वर्षी घेण्याची वस्तू नाही. खिशाला चांगलाच चाट बसतो आणि निवड चुकली तर वर्षानुवर्षे स्वतःच्या खेळालाच दोष देत बसावे लागते. म्हणून घेण्याआधी काय बघायचे, ते समजून घेऊया.

जास्त हँडिकॅप म्हणजे काय?

हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीचा आकडा. तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांवरून तो काढतात. सध्याच्या जागतिक पद्धतीत तो ५४ पर्यंत असू शकतो. कोर्सचा पार ७२ आणि तुमचा हँडिकॅप २४ असेल, तर चांगल्या दिवशी तुम्ही साधारण ९६ फटक्यांत फेरी संपवता. पक्की सीमारेषा नाही, पण १८ च्या पुढे गेला की त्याला 'जास्त' म्हणायची पद्धत आहे.

अशा खेळाडूचा चेंडू दर वेळी स्टिकच्या मधोमध बसत नाही. कधी टोकाला लागतो, कधी दांड्याच्या बाजूला, कधी आधी जमीनच खरवडली जाते. म्हणून सेट बघताना एकच प्रश्न विचारा: चुकलेला फटका कुठे जाऊन पडतो?

ब्लेड की कॅव्हिटी बॅक?

ब्लेड म्हणजे पातळ, भरीव डोक्याची आयर्न. दिसायला देखणी, पण फटका मधोमध बसला तरच साथ देते. कॅव्हिटी बॅकमध्ये डोक्याची मागची बाजू पोकळ ठेवून ते वजन कडांना दिलेले असते.

याचा फायदा काय? दोरीवरून चालणारी मुलगी हातात लांब आडवी काठी धरते, ती आठवा. वजन मध्यापासून दूर असले की वस्तू सहजासहजी फिरत नाही. तसेच इथे होते. चेंडू टोकाला लागला तरी डोके कमी वळते, त्यामुळे अंतर आणि दिशा फारशी बिघडत नाही. ही कल्पना लोकप्रिय करण्यात कार्स्टन सोल्हाइम यांचा मोठा वाटा आहे. जनरल इलेक्ट्रिकमधल्या या इंजिनिअरने आधी स्वतःचे पटिंग सुधारावे म्हणून पटर बनवला आणि पुढे 'पिंग' कंपनी उभी केली. १९८२ मध्ये आलेल्या पिंगच्या 'आय २' आयर्न खूप गाजल्या.

जास्त हँडिकॅप असेल तर कॅव्हिटी बॅकच घ्या. तळ रुंद असेल तर उत्तम, कारण तो मातीत रुतत नाही. डोके दांड्याच्या रेषेपेक्षा किंचित मागे असेल, म्हणजे ऑफसेट असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवीकडे पळणारा चेंडू थोडा आवरतो.

नंबरची गंमत

आयर्नवरच्या नंबराला कोणतेही सक्तीचे प्रमाण नाही. खरी ओळख लॉफ्टची, म्हणजे तोंड किती अंशांनी मागे झुकले आहे याची. पूर्वी ७ नंबरचा लॉफ्ट साधारण ३५ अंश असे. आज नवख्यांसाठीच्या अनेक सेटमध्ये तो २८ ते ३० अंश असतो, म्हणजे जुन्या ५ नंबरच्या जवळपास. त्यामुळे "नवी ७ नंबर बघा किती लांब मारते!" हे ऐकून हुरळून जाऊ नका. डोके नव्या बनावटीचे असते हे खरे, पण त्या लांबीत मोठा वाटा कमी केलेल्या अंशांचा असतो.

याचे दोन परिणाम होतात. पहिला, अशा सेटमधली ४ नंबर इतकी सरळ तोंडाची असते की सावकाश स्विंग करणाऱ्याचा चेंडू वर उठतच नाही. सेट ५ किंवा ६ नंबरपासून घ्या आणि वरच्या जागी हायब्रिड ठेवा. दुसरा, पिचिंग वेज ४३ अंशांची आणि सँड वेज ५६ अंशांची असेल, तर मध्ये १३ अंशांचे भगदाड पडते. एरवी दोन स्टिकमध्ये ४-५ अंशांचा फरक असतो. म्हणून साधारण ४९ अंशांची गॅप वेज लागेल. तिची किंमत आधीच हिशेबात धरा.

दांडा आणि माप

स्टीलचा दांडा जड असतो, ग्रॅफाइटचा हलका. स्विंग सावकाश असेल, वय झाले असेल किंवा कोपर-मनगट दुखत असेल, तर ग्रॅफाइट सोयीचा. दांड्याच्या लवचिकतेचेही प्रकार असतात: सीनियर, रेग्युलर, स्टिफ. केवळ रुबाबासाठी स्टिफ घेऊ नका.

माप घेताना लाय अँगल, म्हणजे दांडा जमिनीशी करतो तो कोन, जरूर तपासून घ्या. फटक्याच्या वेळी स्टिकचे टोक वर राहिले तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो. टोक रुतले तर उजवीकडे. म्हणजे स्विंग बरोबर असूनही दिशा चुकू शकते. बऱ्याच आयर्नमध्ये हा कोन एक-दोन अंश वाकवून देता येतो.

घेण्याआधी एवढे करा

• प्रत्येक स्टिकचा लॉफ्ट अंशांमध्ये विचारा.
• दोन-तीन सेटने प्रत्येकी १०-१५ चेंडू मारा. सर्वांत लांब गेलेला चेंडू सोडून द्या. बाकीचे किती जवळजवळ पडले ते बघा.
• जमल्यास मॅटवर नाही, गवतावर मारून बघा. मॅटवर आधी जमिनीला लागलेला फटकाही चांगला वाटतो.
• काही वर्षे जुना, वापरलेला कॅव्हिटी बॅक सेट चालतो. मात्र तोंडावरच्या खाचा झिजलेल्या नसाव्यात आणि पकड कडक झालेली नसावी. ऑनलाइन फारच स्वस्त मिळत असेल तर माल नकली असू शकतो.

आयर्न तुमचा स्विंग सुधारणार नाही, ते काम सरावाचे. पण योग्य आयर्न चुकलेल्या फटक्याची शिक्षा कमी करते, आणि नवख्या खेळाडूला तेवढा आधार पुरतो.