पोटात गेलेली पावली

आमच्या आईच्या कोशात 'जेवा' हा शब्द नव्हता. शाळेतून घरी आलं की "गिळा आता" एवढंच निमंत्रण मिळायचं. मुलगा फार आज्ञाधारक निघाला तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे मी. १९६६ साली, वयाच्या सातव्या वर्षी, मी चार आण्यांचं नाणं गिळलं.

नाणं आजीचं होतं, गूळ आणायला दिलेलं. वाटेत चिंचेचं झाड लागलं. दगड मारायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून पावली तोंडात ठेवली. दगड नेमका लागला. त्या आनंदात मी ओरडायला गेलो आणि पावली खाली गेली.

आमचं साखरा तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली. पण बातमीला जिल्हा लागत नाही. "मास्तरच्या पोरानं पैसे खाल्ले" हे अर्ध्या तासात गावभर झालं. पैसे खाल्ल्याचा असा जाहीर बोभाटा झालेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच. आत्यानं मला कळू न देता मागून येऊन पाठीत असा गुद्दा घातला की पावलीऐवजी दुधाचा दात बाहेर पडला. वडील म्हणाले, परभणीला नेऊन पोट फाडावं लागेल. ते ऐकून मी भोकाड पसरलं. आजी तेवढी शांत होती. तिनं केळी मागवली आणि म्हणाली, "लेकराच्या पोटातच गेलंय ना? मग येईल की. जाणार कुठं?"

तिसऱ्या दिवशी आलं. आजीनं ते चिंचेनं घासून लख्ख केलं आणि त्याच नाण्याचा गूळ आणवला. पंचवीस पैसे सरकारनं २०११ साली चलनातून काढले. आमच्या आजीनं मात्र ते एकदा चलनात परत आणले होते.

पुढे मी इतिहासाचा मास्तर झालो. मुलांना पानिपत शिकवताना मनात मात्र एक प्रश्न घोळत राहायचा: पोट फाडायचं की वाट बघायची? आपल्याआधी ज्यांनी असलं काही गिळलं, त्यांचं काय झालं असेल? मग मिळेल तिथून वाचत गेलो.

पहिला धक्का घरातूनच बसला. 'शल्य' म्हणजे शरीरात शिरलेली बाहेरची वस्तू, आणि शल्यचिकित्सा हा शब्द त्यावरूनच आला. म्हणजे काटा, बाण आणि माझी पावली यांच्यावरून या शास्त्राचं बारसं झालेलं! सुश्रुतसंहितेत घशात अडकलेल्या वस्तूंसाठी चक्क उपाय दिलेत. लाखेचा तुकडा अडकला तर घशात आधी नळी घालायची, तिच्यातून तापवलेली सळई न्यायची, लाख सळईला चिकटली की थंड पाणी घालून ती घट्ट करायची आणि ओढून काढायची. घसा भाजू नये म्हणून नळी! माशाचा काटा अडकला तर केसांचा गोळा लांब दोऱ्याला बांधून पातळ पदार्थाबरोबर गिळायला लावायचा, ओकारी काढायची आणि दोरा ओढायचा. केसांत अडकून काटा वर येतो. आणि घास अडकला तर? रोग्याला कळू न देता त्याच्या खांद्यावर मूठ हाणायची. हे वाचल्यावर मी आत्याला मनोमन नमस्कार केला. बाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण गुद्दा शास्त्रोक्त होता.

घशातलं असं काढता येई. पोटात उतरलेलं काढायला मात्र पोटच उघडावं लागणार, आणि भूल देण्याचं औषध तर १८४६ साली आलं. त्याआधी दोनशे वर्षं, १६३५ साली, प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग गावाजवळ, म्हणजे आजच्या रशियातल्या कालिनिनग्राडपाशी, एका तरुण शेतकऱ्याला सकाळी मळमळत होतं. ओकारी व्हावी म्हणून त्यानं सुरीच्या मुठीनं घशात गुदगुल्या केल्या. सुरी सटकली आणि अख्खी पोटात गेली. विद्यापीठातल्या वैद्यांनी सभा भरवून खल केला. शेवटी सुमारे सहा आठवड्यांनी, ९ जुलैला, डानिएल श्वाबे नावाच्या शल्यवैद्यानं त्याला फळीला बांधलं, डाव्या बरगड्यांखाली कोळशानं रेघ मारली, पोट उघडून सुरी काढली आणि टाके घातले. गडी बरा झाला, पुढं त्याचं लग्नही झालं. भूल नाही, जंतू कशाला म्हणतात हे कुणाला माहीत नाही! आमच्या वडिलांना हे ठाऊक असतं तर त्यांनी फळी शोधायला घेतली असती.

उलटं उदाहरण जॉन कमिंग्ज या अमेरिकन खलाशाचं. १७९९ साली फ्रान्समध्ये त्यानं सुऱ्या गिळणारा एक जादूगार पाहिला. दारूच्या भरात बढाई मारली, की हे मलाही येतं, आणि चार चाकू गिळले. त्यातले काही आपोआप पडले आणि इथंच घात झाला, कारण त्याला वाटलं आपल्याला हे जमतं. १८०५ साली लोकांच्या वाहवेवर त्यानं डझनांनी चाकू गिळले. मग पोट धरून लंडनच्या गायज् हॉस्पिटलात गेला, तर आधी डॉक्टरांचा विश्वासच बसेना. चाकू काढायला कुणी धजावलं नाही. १८०९ साली तो हाल होऊन मेला. पोटात चाकूंचे तीसहून अधिक तुकडे निघाले. आजीचं "येईल की" हे वाक्य त्यानं जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

मग कापल्याशिवाय आत डोकावता येईल का? याचं उत्तरही गिळणाऱ्यानंच दिलं. जत्रेत तलवार गिळणारा पाहून आपण पोराच्या डोळ्यांवर हात ठेवतो. १८६८ साली जर्मनीत फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरनं अशाच माणसाला बोलावलं. जिथं सरळ तलवार जाते तिथं सरळ नळीही जाईल, हा त्याचा हिशेब. नळी जठरापर्यंत गेली. १८९५ साली क्ष-किरण आले आणि गिळलेलं कुठं बसलंय ते बाहेरून दिसू लागलं. या दोन्हींच्या जोरावर फिलाडेल्फियाच्या शेव्हालियर जॅक्सन या डॉक्टरनं आयुष्यभर लोकांच्या घशातून आणि श्वासनलिकेतून वस्तू काढल्या. पिना, बटणं, नाणी, खेळणी अशा २,३७४ वस्तू तिथल्या म्युटर संग्रहालयात ओळीनं मांडलेल्या आहेत. त्यांत एक बिल्ला आहे, त्यावर लिहिलंय की शुभशकुनासाठी मला जवळ बाळगा. काढलेली वस्तू हे गृहस्थ मालकाला परत देत नसत. आमची आजी त्यांच्याकडे गेली असती तर गुळावरून मोठा प्रसंग झाला असता.

आजीचं शास्त्र मात्र फारसं चुकीचं नव्हतं. गिळलेल्या शंभर वस्तूंपैकी ऐंशी-नव्वद आपोआप बाहेर पडतात, दहा-वीस दुर्बिणीच्या नळीनं काढाव्या लागतात आणि पोट फाडायची पाळी एखाद्याच वेळी येते. पण हे माणसांचं झालं. गुरांचं निराळं. गाय-म्हैस चावत बसत नाही, आधी गिळते आणि मग रवंथ करते. तार, खिळा असलं जड काही गेलं की ते पोटाच्या दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात बसतं. हा कप्पा काळजाला लागून. तार तिथून पुढं सरकली तर थेट काळजात घुसते. २०१९ च्या पोळ्याला संगमनेर तालुक्यात एका बैलानं पुरणपोळीबरोबर मंगळसूत्र खाल्लं. घरच्यांनी आठ दिवस शेण तपासलं. शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागली. २०२३ साली आमच्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात एका म्हशीनं टरफलांच्या ताटात ठेवलेलं मंगळसूत्र गिळलं. धातुशोधक यंत्र फिरवून जागा शोधली, पोट उघडलं, मंगळसूत्र काढलं आणि साठावर टाके घातले. तेव्हापासून आमच्या सौभाग्यवती गोठ्यात जाताना गळ्याला हात लावून जातात.

एवढा अभ्यास झाल्यावर कुणालाही वाटेल, या विषयात आता आपल्याला कुणी शिकवायला नको. मलाही वाटलं. परवाच्या दिवाळीला मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू साखऱ्याला आले. संध्याकाळी नातू ओसरीवरून ओरडत आला, "आजोबा, मी पैसा गिळला!"

मी प्रसन्न हसलो. वंश चालू राहिल्यासारखं वाटलं. केळं सोलत म्हणालो, "येईल की. जाणार कुठं?"

सून मात्र ओसरीकडं धावली आणि हातात बॅटरीवरची पणती घेऊन परतली. खालचं झाकण उघडं, आतली बटणासारखी बॅटरी गायब.

"बाबा, केळं खाली ठेवा."

आमच्या घरात मला असं कुणी बोललेलं नाही. मी ठेवलं. गाडीत तिनं एका दमात सांगितलं: ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर ओल लागताच तिच्यातून वीज वाहते, तिथं जळजळीत क्षार तयार होतो आणि दोन तासांत मास जळतं. लोहचुंबकाचे दोन मणी गिळले तर आतडं मधे चिमटून भोक पडतं. आणि नळी घालायला भूल द्यावी लागते, तेव्हा पोट रिकामंच बरं. केळ्यानं काही पुढं ढकललं जात नाही. मी घड्याळाकडं बघत होतो. साखरा ते हिंगोली हा रस्ता इतका लांब मला कधी वाटला नव्हता. पोर मांडीवर खुशाल गाणं म्हणत होतं.

फोटो निघाला. बॅटरीची सावली दुहेरी कडेची दिसते, नाण्याची एकेरी. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. एकच कड. रुपया होता, तोही अन्ननलिका ओलांडून जठरात पोचलेला. डॉक्टर म्हणाले, "घरी जा आणि वाट बघा. पोट दुखलं, उलटी झाली तर मात्र लगेच या."

बॅटरी दुसऱ्या दिवशी सतरंजीखाली सापडली. रुपया तिसऱ्या दिवशी आला. आमच्या घराण्याचा गिळण्याचा दर चार आण्यांवरून रुपयावर गेला आणि मुदत मात्र तीच राहिली.

आजी चुकली नव्हती. तिच्या काळी घरात गिळण्यासारखं होतं काय? पावली, बटण, चिंचोका. ते वाट पाहण्याजोगं होतं. आता जे गेलं ते काय आहे, हे कळेपर्यंत वाट बघायची सोय उरलेली नाही.

नातवानं रुपया परत मागितला. मी दिला नाही. जॅक्सनसाहेबांचा नियम सांगितला. त्याला तो पटला नाही. सुनेनं पणतीचं झाकण चिकटपट्टीनं बंद केलं आणि सोललेलं केळं मला दिलं. म्हणाली, "बाबा, आता गिळा."